श्रीमंत अमेरिकन सुट्टीत जिथं गोल्फ खेळायचे, त्या मैदानांचं चे गव्हेराने काय केलं?

चे गव्हेराचा फोटो बघितला नाही असा माणूस सापडणं अवघड आहे. टी-शर्टवर, कॉफीच्या मगवर, बुलेटच्या टाकीवर, हॉस्टेलच्या भिंतीवर. बेरेट टोपी, त्यावर तारा, वाढलेले केस आणि लांब कुठंतरी लागलेली नजर. हा फोटो ५ मार्च १९६० चा. काढणारा फोटोग्राफर अल्बर्टो कोर्डा.

याच कोर्डाने गव्हेराचे आणखी काही फोटो काढलेत, पण ते टी-शर्टवर कधी येत नाहीत. त्यात गव्हेरा लष्करी बूट आणि गणवेश घालून हिरव्यागार गवतावर उभा आहे. हातात गोल्फची स्टिक आहे. शेजारी फिडेल कॅस्ट्रो, तोही त्याच अवतारात. दोघं गोल्फ खेळतायत.

फोटो खरे आहेत. एआयने बनवलेले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, गरिबांच्या क्रांतीची भाषा करणारा माणूस आणि श्रीमंतांचा खेळ, हे गणित जमतं कसं? तर त्यासाठी आधी क्युबातल्या गोल्फच्या मैदानांवर कोण खेळायचं ते बघावं लागतं. आणि त्याच्याही आधी अर्जेंटिनातल्या एका थंड हवेच्या गावात जावं लागतं.

अर्नेस्तो गव्हेरा हे त्याचं खरं नाव. जन्म १४ जून १९२८, अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात. घराणं जुनं आणि नाव मोठं, पण पैसा मधल्या पिढ्यांत कुठंतरी आटलेला. आपल्याकडं कसं, वाडा असतो पण वाड्याची कौलं बदलायला पैसे नसतात, तसला प्रकार. वडिलांनी धंदे बरेच केले, फारसा कुठला टिकला नाही.

दोन वर्षांचा असताना अर्नेस्तोला दम्याचा पहिला झटका आला. तो आजार त्याला आयुष्यभर चिकटला. डॉक्टरांनी सांगितलं, कोरड्या डोंगराळ हवेत न्या. आपल्याकडं जसं पूर्वी क्षयाच्या पेशंटला मिरजेला नाहीतर पाचगणीला न्यायचे, तसं गव्हेरा कुटुंब कोर्दोबा प्रांतातल्या आल्ता ग्रासिया नावाच्या गावात राहायला गेलं. काही महिन्यांसाठी म्हणून गेले आणि दहा-एक वर्षं राहिले.

हे गाव म्हणजे सुट्टीचं ठिकाण. तिथं सिएरास नावाचं मोठं हॉटेल होतं. अर्जेंटिनात रेल्वे आणणाऱ्या इंग्रजांच्या काळातलं, त्यांच्याच थाटाचं. हॉटेलला लागून गोल्फचं मैदान. ब्युनोस आयर्सचे पैसेवाले उन्हाळ्यात यायचे, सकाळी गोल्फ, संध्याकाळी पार्टी.

अशा गावात पोरांचे दोन गट आपोआप पडतात. एक, सुट्टीला आलेल्यांची पोरं. दुसरा, त्यांची सेवा करणाऱ्यांची पोरं. म्हणजे वेटरची, माळ्याची, मजुरांची आणि गोल्फ खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहणारी, ज्यांना कॅडी म्हणतात.

अर्नेस्तो दोन्हींकडं असायचा. आडनावामुळं हॉटेलात शिरायला अडचण नव्हती आणि घरात कडक शिस्त नसल्यामुळं कॅडी पोरांत भटकायलाही कुणी अडवत नव्हतं. त्याच्या टोळीत ही पोरं भरपूर. एवढंच नाही, तर पुढं त्याच्या वडिलांना आपल्या आर्किटेक्ट भावाच्या साथीने या गोल्फच्या मैदानाची सुधारणा आणि वाढ करायचं कंत्राट मिळालं. म्हणजे घरातला पैसा काही काळ तरी गोल्फच्या गवतातून आला.

गोल्फ तो इथंच शिकला. कोचिंग लावून नाही. मैदानाशेजारी राहून, बघून, कॅडी पोरांच्यात खेळून. हे लक्षात ठेवा, कारण पुढं याचाच फटका फिडेल कॅस्ट्रोला बसणार आहे.

मधली वर्षं बहुतेकांना माहीत आहेत, म्हणून पटकन सांगतो. दमा असताना रग्बी खेळायचा, मैदानाच्या कडेला इनहेलर घेऊन मित्र उभा. डॉक्टरकीला प्रवेश. १९५२ मध्ये मित्र अल्बर्टो ग्रानादोसोबत जुन्या नॉर्टन मोटारसायकलवर दक्षिण अमेरिकेची सफर. गाडी अर्ध्या वाटेत मेली, सफर चालूच राहिली. चिलीतल्या तांब्याच्या खाणी, पेरूतली कुष्ठरोग्यांची वसाहत. १९५३ मध्ये डॉक्टर झाला. १९५४ मध्ये ग्वाटेमालात होता, तेव्हा तिथलं निवडून आलेलं सरकार अमेरिकेच्या पाठिंब्याने उलथवलं गेलं. त्या सरकारने जमिनीचं फेरवाटप सुरू केलं होतं आणि त्यात केळीचा धंदा करणाऱ्या बड्या अमेरिकन कंपनीची पडीक जमीन गेली होती. जमिनीला हात लावला की काय होतं, हे त्याने डोळ्यांनी बघितलं.

तिथून मेक्सिको. तिथं १९५५ मध्ये त्याची गाठ पडली फिडेल कॅस्ट्रोशी, आणि तो एका रात्रीत क्युबाच्या मोहिमेत सामील झाला. चे हे नावही याच काळात चिकटलं. अर्जेंटिनात समोरच्याला हाक मारताना चे म्हणतात, कोल्हापुरात भावा म्हणतात तसं. हा प्रत्येक वाक्यात म्हणायचा, म्हणून क्युबन पोरांनी त्याचं नावच ते ठेवलं.

आता क्युबाकडं येऊ. खरा विषय इथं आहे.

नकाशा उघडून बघा. क्युबाची राजधानी हवाना कर्कवृत्ताच्या जेमतेम खाली आहे, साधारण आपल्या भोपाळच्या अक्षांशावर. चहूबाजूंनी समुद्र, त्यामुळं थंडी अशी नाहीच. आणि अमेरिकेच्या फ्लोरिडाचं शेवटचं टोक इथून फक्त दीडशे किलोमीटरच्या आसपास.

गोल्फला लागतं काय? उघडं आभाळ आणि जिवंत गवत. डिसेंबर ते मार्च न्यूयॉर्क, शिकागोची मैदानं बर्फाखाली असतात. ज्याला खेळाचं वेड आहे आणि खिशात पैसे आहेत, तो या चार महिन्यांत करणार काय? दक्षिणेला जाणार. क्युबात तेव्हा गवत हिरवं असतं, ऊन कोवळं असतं, आणि तिथल्या मानाने डॉलर भरभक्कम. त्यात १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. म्हणजे क्युबात गोल्फही मिळायचा आणि त्यानंतरची रमही. उष्ण प्रदेशातल्या गोल्फच्या सुट्टीचा धंदा जगात आज जिथं जिथं चालतो, थायलंड असो की मॉरिशस, त्याचं मूळ गणित हेच आहे.

हवाना कंट्री क्लब १९११ च्या सुमारास उभा राहिला, त्यात पुढाकार अमेरिकन इंजिनिअर-कंत्राटदारांचा. मग बिल्टमोर यॉट अँड कंट्री क्लब आला. इंग्रजांनी आपला वेगळा लहान क्लब काढला. १९५० च्या दशकात अमेरिकन प्रोफेशनल खेळाडू हवानात स्पर्धा खेळायला येत होते. १९५७ मध्ये मेयर लॅन्स्की या माफियाच्या पैशातून रिव्हिएरा हॉटेल उघडलं. खाली कॅसिनो, वर समुद्र दिसणाऱ्या खोल्या. गॉडफादरचा दुसरा भाग बघितला असेल, तर त्यातली हवाना ती हीच. त्या काळात वर्षाला अडीच लाखांहून जास्त पर्यटक क्युबात येत होते आणि त्यातले बहुतेक अमेरिकन.

सगळ्यात कहर केला तो इरेने द्यू पाँ याने. हा द्यू पाँ केमिकल कंपनीच्या घराण्यातला, कंपनीचा माजी अध्यक्ष. हवानापासून सुमारे १४० किलोमीटरवर वारादेरो नावाचा पांढऱ्या वाळूचा चिंचोळा भूभाग आहे. तिथं त्याने किनाऱ्यालगत प्रचंड जमीन घेतली, समुद्राच्या कड्यावर हिरव्या कौलांचा बंगला बांधला, त्याला झनाडू असं नाव दिलं, आणि शेजारी ९ होलचं गोल्फ कोर्स केलं. स्वतःसाठी आणि पाहुण्यांसाठी. लोक सुट्टीत रिसॉर्ट बुक करतात, याने रिसॉर्टच बांधलं.

या मैदानांवर क्युबन माणसं नव्हती का? होती. गवत कापायला होती, पिशव्या वाहायला होती, ग्लास भरायला होती. कंट्री क्लबच्या सदस्यांत श्रीमंत गोरे क्युबनही होते. पण काळा माणूस आत यायचा तो कामाला. क्युबाचा हुकूमशहा फुल्हेन्सिओ बातिस्ता मिश्र वंशाचा होता. सत्ता हातात असूनही हवानाच्या जुन्या यॉट क्लबने त्याला सदस्य करून घेतलं नाही, ही गोष्ट क्युबात कायम सांगितली जाते. देश चालवणाऱ्याला जिथं गेट उघडत नव्हतं, तिथं ऊसतोडणी कामगाराचं काय घेऊन बसलात.

आणि ऊसतोडणी हा तिथला मुख्य रोजगार. हंगाम चार-पाच महिन्यांचा, बाकी वर्ष हात रिकामे. क्युबात या रिकाम्या महिन्यांना मेलेला काळ म्हणायचे. बीड, अहिल्यानगरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

डिसेंबर १९५६ मध्ये ग्रान्मा नावाच्या बोटीतून ८२ जण क्युबाच्या किनाऱ्यावर उतरले. बातिस्ताच्या सैन्याने पहिल्याच तडाख्यात बहुतेकांना मारलं किंवा पकडलं. उरलेले मूठभर डोंगरात शिरले. गव्हेरा डॉक्टर म्हणून आला होता, काही महिन्यांत तो कमांडर झाला. डिसेंबर १९५८ च्या शेवटी त्याच्या तुकडीने सांता क्लारा शहर घेतलं आणि १ जानेवारी १९५९ च्या पहाटे बातिस्ता देश सोडून पळाला.

यानंतरचा गव्हेरा टी-शर्टवाल्यांना फारसा माहीत नसतो. हवानातल्या ला कबान्या किल्ल्याचा तो प्रमुख झाला आणि तिथं बातिस्ताच्या पोलिसांवर, अधिकाऱ्यांवर जे झटपट खटले चालले, त्यातल्या फाशीच्या, म्हणजे प्रत्यक्षात गोळ्या घालण्याच्या शिक्षांवर शेवटची सही त्याची असायची. माणूस म्हणून तो कसा होता, हे सांगताना हे वगळून चालत नाही.

आता गोल्फचा पुढचा प्रवेश. तो क्युबात नाही, अमेरिकेत झाला.

एप्रिल १९५९. फिडेल कॅस्ट्रो अमेरिकेला गेला. सरकारी दौरा नव्हता, अमेरिकन संपादकांच्या संघटनेने बोलावलं होतं. पण नव्या क्युबाचा नेता वॉशिंग्टनमध्ये आलाय म्हटल्यावर राष्ट्राध्यक्ष भेटतील असं वाटणं साहजिक. राष्ट्राध्यक्ष होते आयझेनहॉवर, गोल्फचे पक्के वेडे. व्हाइट हाउसच्या लॉनवर त्यांनी सरावासाठी हिरवळ करून घेतलेली. ते त्या दिवसांत जॉर्जियातल्या ऑगस्टाला गोल्फच्या सुट्टीवर निघून गेले आणि कॅस्ट्रोला भेटायचं काम उपराष्ट्राध्यक्ष निक्सनवर ढकललं. पाहुणा दारात आणि घरमालक मुद्दाम मागच्या दाराने बाहेर, असा तो मामला. दोन देशांतलं पुढचं सगळं या एका गोष्टीवरून बिघडलं असं म्हणणं बालिशपणा होईल. पण अपमान अपमानच असतो आणि त्यात गोल्फ होता, हे हवानात कुणी विसरलं नाही.

त्याच वर्षी १७ मे रोजी क्युबात जमीन सुधारणा कायदा आला. साधारण ४०० हेक्टरच्या वरची जमीन सरकारजमा. त्यात खुद्द कॅस्ट्रोच्या घरची जमीनही गेली. खासगी समुद्रकिनारे सगळ्यांना खुले झाले. काळ्या क्युबन पोरांनी कित्येक ठिकाणी पहिल्यांदाच आपल्याच देशातल्या त्या वाळूत पाय ठेवला.

गव्हेरा स्वतः मात्र सुट्टी घेण्यातला नव्हता. २ जून १९५९ ला त्याचं अलेइदा मार्चशी लग्न झालं आणि दहा दिवसांनी तो तीन महिन्यांच्या परदेश दौऱ्यावर गेला. बायकोला सोबत ने, असं कॅस्ट्रोने सुचवलं होतं. याने नकार दिला. सरकारी खर्चाने हनिमून त्याला पटत नव्हता. याच दौऱ्यात तो ३० जूनच्या रात्री दिल्लीत उतरला आणि दुसऱ्या दिवशी पंडित नेहरूंना भेटला. ज्या देशाला नुकतंच स्वातंत्र्य मिळालंय तो देश शेती आणि कारखाने कसे उभे करतो, हे त्याला बघायचं होतं.

परत आल्यावर तो आधी मध्यवर्ती बँकेचा अध्यक्ष झाला आणि फेब्रुवारी १९६१ मध्ये उद्योगमंत्री. रविवारी श्रमदान. दम्याचा माणूस उसाच्या फडात कोयता चालवायचा, धुळीने छाती भरून यायची, तरी चालवायचा.

इकडं कंट्री क्लबचे सदस्य एक एक करून मियामीला निघून गेले होते. मैदानं ओस. गवत वाढत होतं. या जागांचं करायचं काय?

जानेवारी १९६१ चा किस्सा असा सांगितला जातो. कॅस्ट्रो आणि गव्हेरा हवाना कंट्री क्लबच्या मैदानावर गेले, गोल्फ खेळले आणि नंतर तिथंच बसून त्यांच्यात चर्चा झाली. कल्पना निघाली, इथं कलेची शाळा काढायची. सगळ्या तिसऱ्या जगातल्या पोरांसाठी, फुकट.

कल्पना निघाली आणि लगेच काम सुरू झालं. तीन तरुण आर्किटेक्ट निवडले गेले. क्युबाचा रिकार्डो पोर्रो आणि दोन इटालियन, व्हित्तोरिओ गराती आणि रॉबेर्तो गोतार्दी. पाच शाळा ठरल्या. आधुनिक नृत्य, चित्र-शिल्प, नाटक, संगीत आणि बॅले. अमेरिकेने निर्बंध लादायला सुरुवात केली होती, त्यामुळं लोखंड आणि सिमेंट मिळेना. मग त्यांनी देशातल्या मातीच्या विटा वापरल्या आणि स्पेनच्या कॅटालोनियातल्या जुन्या पद्धतीने, पातळ विटांचे थर रचून कमानी आणि घुमट उभे केले. लोखंडाची गरज जवळपास नाहीच. गोल्फ कोर्सचे उंचवटे, ओढा, झाडं तशीच ठेवून त्यांच्या अंगाने इमारती वळत गेल्या. फोटो शोधून बघा, डोळ्यांना वेगळंच काहीतरी दिसेल. गोल्फच्या गवतातून विटांचे घुमट उगवल्यासारखे वाटतात.

माझ्या मते गव्हेराच्या सगळ्या कारकिर्दीत बंदुकीविना झालेलं सगळ्यात सुंदर काम हे आहे. आणि तेही अर्धवट राहिलं. सोव्हिएत पद्धतीच्या साच्यातल्या स्वस्त काँक्रीटच्या इमारतींचं वारं आलं, या शाळा म्हणजे उधळपट्टी आणि आर्किटेक्टची हौस आहे अशी टीका सुरू झाली, आणि १९६५ मध्ये काम थांबलं. बॅलेची शाळा तर जवळपास पूर्ण होऊनही बॅलेसाठी वापरलीच गेली नाही. तिच्यात वेली आणि पुराचं पाणी शिरलं. क्युबाने या शाळांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला तो जवळपास अर्ध्या शतकानंतर.

आता तो प्रसिद्ध सामना.

१९६० च्या दशकाची सुरुवातीची वर्षं. अमेरिकेत आता राष्ट्राध्यक्ष केनेडी. तेही गोल्फ चांगले खेळायचे, पण आयझेनहॉवरवर गोल्फपायी झालेली टीका बघून लपूनछपून. त्यांच्याच काळात, एप्रिल १९६१ मध्ये, अमेरिकेने पाठवलेल्या क्युबन निर्वासितांनी बे ऑफ पिग्जवर हल्ला केला आणि तो साफ फसला.

अशा वातावरणात कॅस्ट्रो आणि गव्हेरा हवानाजवळच्या कोलिनास दे व्हिलारेआल या गोल्फच्या मैदानावर गेले. सोबत फोटोग्राफर आणि पत्रकार. उद्देश उघड होता. अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या खेळाची टिंगल करायची आणि जमलंच तर केनेडींना मैत्रीचा एक सामना खेळायचं जाहीर आव्हान द्यायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर कंटेंट बनवायला गेले होते.

गोल्फ माहीत नसलेल्यांसाठी एवढंच सांगतो. यात १८ खड्डे असतात, त्यांना होल म्हणतात. चेंडू प्रत्येक होलमध्ये कमीत कमी फटक्यांत घालायचा. म्हणजे ज्याचा आकडा कमी तो जिंकला. प्रोफेशनल खेळाडू ७० च्या आसपास १८ होल पूर्ण करतो. हौशी माणूस ९० ते १०० मध्ये आला तर खूश होऊन घरी जातो.

नंतर छापून आलेल्या आकड्यांनुसार गव्हेराने १२७ फटके घेतले. कॅस्ट्रोने दीडशे किंवा त्याहून जास्त.

दोघंही वाईटच खेळले. पण कॅस्ट्रोला हरायची सवय नव्हती. बेसबॉल असो, बुद्धिबळ असो, मासेमारी असो, हा माणूस जिंकण्यासाठीच उतरायचा आणि भोवतालचे लोक त्याला जिंकू द्यायचे. गव्हेराने जिंकू दिलं नाही. आल्ता ग्रासियातल्या कॅडी पोरांच्यात शिकलेला हात होता, तो इतक्या वर्षांनीही थोडाफार चालला. त्या दिवशी सोबत असलेल्या एका क्युबन पत्रकाराने खूप वर्षांनी, देश सोडल्यावर, सांगितलं की कॅस्ट्रो हरला हे खरं खरं बातमीत लिहिल्यामुळं त्याची नोकरी गेली. आव्हानाची मस्करी अमेरिकेसाठी होती, पण निकालाची मस्करी घरात चालणार नव्हती.

केनेडी काही खेळायला आले नाहीत. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या दारात जाऊन परत आलं. फोटोतलं ते मैदान पुढं लष्कराकडं गेलं. देशात गोल्फसाठी उरला तो मुख्यतः इंग्रजांनी काढलेला जुना लहान क्लब, तिथं परदेशी वकिलातींमधली माणसं खेळायची.

म्हणून गव्हेराला गोल्फ या खेळाचा राग होता, असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला पटत नाही. राग होता तो कुंपणाचा. हॉटेलच्या आतलं मैदान आणि बाहेर कॅडी पोरं, हे त्याने वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून बघितलं होतं. खेळ त्याला आवडायचा. पण कुंपण काढल्यावर आत नेमकं काय आणि कसं चालवायचं, याचं उत्तर त्याच्याकडं नेहमीच होतं असं नाही. उद्योगमंत्री म्हणून त्याने क्युबाला उसावरून झटक्यात कारखान्यांकडं न्यायचा प्रयत्न केला आणि तो फसला. ऊस कमी झाला, कारखाने उभे राहिले नाहीत, रेशनकार्ड आलं. लोकांनी पैशासाठी नाही तर देशासाठी राबावं, असा त्याचा आग्रह. तो स्वतः राबायचा. पण प्रत्येक माणूस गव्हेरा नसतो. कामात चुकलेल्या अधिकाऱ्यांसाठी त्याने बेटाच्या पश्चिम टोकाला श्रमशिबिर काढलं होतं, हेही त्याच आग्रहाचं दुसरं टोक.

१९६५ मध्ये त्याने मंत्रिपद, लष्करी हुद्दा, क्युबाचं नागरिकत्व सगळं सोडलं. आधी काँगोत गेला, तिथली मोहीम फसली. मग टक्कल करून, चष्मा लावून, उरुग्वेचा व्यापारी म्हणून खोट्या पासपोर्टवर नोव्हेंबर १९६६ मध्ये बोलिव्हियात शिरला. निघण्याआधी याच वेषात तो आपल्या लेकरांना भेटला, वडिलांचा मित्र म्हणून. त्यांनी ओळखलं नाही. ९ ऑक्टोबर १९६७ ला ला हिगेरा गावातल्या शाळेच्या खोलीत बोलिव्हियाच्या सैनिकाने त्याला गोळ्या घातल्या. वय ३९. अवशेष सापडले ते १९९७ मध्ये आणि सांता क्लारात आणून पुरले गेले.

तोवर क्युबा बदलला होता. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन कोसळली आणि तिकडून येणारं तेल, धान्य, पैसा एकदम बंद. बसेस थांबल्या, दिवे गेले, माणसं वाळली. देशाला परकीय चलन हवं होतं, आणि उष्ण प्रदेशातल्या बेटाकडं ते आणायचा सोपा मार्ग एकच, पर्यटन. मग ज्याला नावं ठेवली होती तेच परत बांधायला घेतलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी वारादेरोत द्यू पाँच्या जुन्या ९ होलच्या जागेवर पूर्ण १८ होलचं आंतरराष्ट्रीय गोल्फ कोर्स तयार झालं. यावेळी मालक सरकार. खेळायला कॅनेडियन आणि युरोपियन पाहुणे, थंडीतले तेच चार महिने. आणि २००८ पर्यंत क्युबाच्या नागरिकाला आपल्याच देशातल्या पर्यटकांच्या हॉटेलात खोली घेऊन राहता येत नव्हतं. तिथं काम करता येत होतं. २०१० मध्ये सरकारने परदेशी गुंतवणूकदारांना पर्यटन प्रकल्पांसाठी ९९ वर्षांपर्यंत जमीन द्यायची तरतूद केली, त्यात गोल्फची मैदानं डोळ्यासमोर होती.

आल्ता ग्रासियातलं गव्हेरा कुटुंबाचं घर आता म्युझियम आहे. जुलै २००६ मध्ये ह्यूगो चावेझला घेऊन कॅस्ट्रो ते बघून आला. वय ८० ला टेकलेलं. तिथून परतल्यावर काही दिवसांतच तो गंभीर आजारी पडला आणि सत्ता भावाकडं गेली.

वारादेरोतला हिरव्या कौलांचा झनाडू बंगला अजून उभा आहे. गोल्फ कोर्सला अगदी लागून. त्याचं आता छोटं हॉटेल झालंय. वरच्या मजल्यावर बार आहे, तिथून समुद्र दिसतो. आणि क्युबात फिरायला गेलेले पर्यटक आठवण म्हणून तीन पेसोची नोट घरी आणतात. त्यावर चित्र गव्हेराचं असतं.